सनीच्या नावानं

सनीनं अमृतला पाहिलं आणि तोंड फिरवलं. चुकून नव्हे. मधे लोणावळ्याचा शनिवारचा रस्ता होता, मुंबईच्या गाड्या एकीमागे एक अडकून पडल्या होत्या, हॉर्न वाजत होते. पण दोघांच्या नजरेच्या आड काही आलं नव्हतं. सनीच्या भादरलेल्या डोक्यावर आता केसांचे खुंट उगवले होते. हातात नवी कापडी पिशवी होती, प्रवासाला निघणाऱ्याच्या हातात असते तशी. अमृतनं औषधाच्या दुकानाच्या पायरीवरून हात वर केला. सनीनं तो हात पाहिला, हातामागचा माणूस पाहिला, आणि मान वळवून तो शेजारच्या बोळात शिरला. अमृतचा हात वरच राहिला. एका गाडीवाल्याला वाटलं, हा माणूस वाहतूक सांभाळतोय. त्यानं काच खाली करून विचारलं, "अंकल, पार्किंग किधर है?" अमृतनं त्याला नीट समजावून सांगितलं. पुढून डावीकडे घ्या, गर्दी असली तरी थांबू नका, आत जागा असते. सांगताना आपला आवाज किती मऊ, किती मदतीला तयार आहे हे त्याला ऐकू आलं, आणि पहिल्यांदाच त्या आवाजाची त्याला शिसारी आली.

तो आवाज त्यानं मागाहून कमावलेला होता. तळेगावकडच्या कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा तेव्हा त्याचा आवाज असा नव्हता. तेव्हा तो फारसा बोलायचाच नाही. मग कारखाना बंद झाला, रोज सकाळी लोकलनं घोरावाडीला उतरणं थांबलं, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसानं सकाळची वेळ घरात कशी काढायची हे कुसगावच्या त्या दोन खोल्यांत ना त्याला कळेना, ना त्याच्या बायकोला, रंजनाला. तेव्हा शालूबाईंनी त्याला 'सोबत'मध्ये ओढलं. शालूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. मावळातली पोरं सैन्यात जातात आणि मागं म्हातारी माणसं राहतात, त्यांना दवाखान्यात न्यायला, औषधं पोचवायला, कुठल्या कचेरीत चार तास बसायला कुणीतरी हवं, म्हणून त्यांनी गावातली आठ-दहा माणसं जमवली होती. ना सरकारी काम, ना पगार. "आपण सीमेवर जाऊ शकत नाही, कुरवंड्यापर्यंत तर जाऊ शकतो," असं शालूबाई म्हणायच्या, आणि ऐकणारे हसायचे. अमृतकडे जुनी व्हॅन होती. त्यामुळे कुरवंडे त्याच्या वाट्याला आलं, आणि कुरवंड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतली बायडाबाई.

बायडाबाईचा नवरा बुधा केव्हाच वारला होता. मुलगा सनी सैन्यात, तिकडे उत्तरेला, बर्फात. मुलगी करिष्मा लग्न होऊन घोरावाडीकडे नांदत होती. म्हातारीनं उभा जन्म डोंगरावरची करवंदं, जांभळं खाली पर्यटकांना विकली होती. आता साखरेनं तिचे डोळे गेले होते आणि उजेड-अंधार एवढंच उरलं होतं. अमृत पहिल्यांदा गेला तेव्हा ती उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती. त्याच्या पावलांचा आवाज ऐकून तिनं विचारलं, "कुटला रं तू?" त्यानं सांगितलं, कुसगावचा, अमृत. "आमरूत," ती म्हणाली आणि नाव तोंडात घोळवून हसली. "मंग तर बस बाबा. पानी पितूस, का तुला त्येची गरज न्हाई?"

वाडीत फोनला रेंज नव्हती. सनीचा फोन रविवारी यायचा, तोही नक्की नसायचा. अमृत तिला व्हॅनमध्ये बसवून खालच्या वळणावरच्या मोरीपर्यंत आणायचा. तिथं एका दगडाशी उभं राहिलं की रेंज यायची. ती बसून राहायची, फोन तो धरायचा, कारण तिच्या हातून काहीतरी दाबलं जाऊन फोन बंद व्हायचा. म्हणून त्याला सगळं ऐकू यायचं. तो दरीकडे तोंड करून उभा राहायचा, आपण ऐकत नाही असं दाखवत, आणि हात तेवढा मागं, तिच्या कानाशी.

"सन्या, जेवलास का?"

"जेवलो. तू?"

"माझं मरू दे. कवा येतूस?"

"सुट्टी मिळंल तवा."

"सोड ती नौकरी. हितं लय हाटेलं झाल्याती. वाचमन हो. घरची भाकर खाशील."

"न्हाई म्हंजी न्हाई, आये. कितींदा सांगू?"

"मंग मी मेल्यावरच ये."

"तवाबी सुट्टी बगून मर."

आणि मग दोघंही हसत सुटायची, ती इकडे, तो तिकडे, इतकी की फोन खरखरायचा. दर वेळी हेच. अमृतला ते ऐकून अंगावर काटा यायचा. आईशी असं कुणी बोलतं? त्याला वाटायचं, बिचारी. ती मागते ते इतकं साधं आहे, एकदा तरी त्यानं 'बरं आये' म्हणावं. खोटं का होईना. परत वाडीत सोडताना तो तिला म्हणायचा, "मावशी, येईल हो तो. मनाला लावून घेऊ नका." ती अंधाऱ्या डोळ्यांनी त्याच्याकडे वळायची आणि म्हणायची, "तुला काय झालं रं एवढं?" त्याला तिचं ते बोलणं कधी कळलं नाही. त्याच्या घरात कुणी कधी भांडलं नव्हतं. त्याच्या घरात जे व्हायचं ते न बोलता व्हायचं.

बोळाच्या तोंडाशी जाऊन त्यानं आत पाहिलं. सनी दिसला नाही. एक बाई बादलीनं पायऱ्या धूत होती. हाक मारावी असं त्याला वाटलं आणि हाक मारायची तर पुढं काय बोलायचं ते सुचेना. तीन आठवड्यांपूर्वी हाच सनी पहाटे स्टेशनवर उतरला होता. अमृत त्याला आणायला गेला होता. बातमी त्याला गाडीतच कळली होती. पाठीवरची सॅक न उतरवता त्यानं अमृतला मिठी मारली होती, आणि ती सॅक, तो जाड कोट, प्रवासाचा आंबूस वास यांच्यासकट ते सगळं ओझं अमृतच्या अंगावर आलं होतं. "काका, तुमी हुता. लय झालं," एवढंच तो म्हणाला होता. "तरास झाला का तिला?" अमृत म्हणाला होता, "नाही. शांत गेल्या." दिवसकार्यात सनीनं त्याला जवळ बसवलं होतं. मग आता काय झालं?

काय झालं हे त्याला माहीत होतं. माहीत नसल्यासारखं करत तो व्हॅनपर्यंत गेला, किल्ली लावली, आणि मग गाडी चालू न करता तसाच बसून राहिला.

बायडाबाई जानेवारीत आडवी झाली ती उठली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी करिष्माला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या. सनीला कळवलं, त्याला सुट्टी लगेच मिळाली, पण वरचा रस्ता बर्फानं बंद होता. मग रस्ता उघडला. मग तो निघाला. मग दिल्लीहून गाडी मिळाली. प्रत्येक टप्पा अमृत मोरीवर जाऊन फोनवर ऐकायचा आणि वाडीत येऊन तिच्या कानात सांगायचा: निघाला, मावशी. खाली उतरला. गाडीत बसला. उद्या पहाटे इथं. शालूबाईंनी फोनवर म्हटलं होतं, "अमृतराव, तोवर त्यांना धरून ठेवा." जणू ते त्याच्या हातात होतं. त्या दिवशी दुपारी करिष्मा टाकीवर पाण्याला गेली. पत्र्याखाली उकडत होतं. बाहेर डोंगराच्या उतारावर कुणीतरी गवत पेटवलं होतं, त्याचा कडवट वास घरात येत होता. अमृत तिच्या उशाशी बसून ओल्या फडक्यानं तिचे ओठ टिपत होता, आणि ती म्हणाली, "सन्या?"

मोठ्यानं नव्हे. अंधारात काडेपेटी चाचपावी तसं. 'येतोय मावशी, उद्या पहाटे येतोय' हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं, कालपासून दहादा दिलेलं. पण त्या एका शब्दाबरोबर त्याला आपली आई आठवली. नंदाबाई, कुसगावच्या घरात, त्याच लाकडी पलंगावर जो त्याच्याकडे अजून आहे. दोन वर्षं तिचं सगळं त्यानं आणि रंजनानं केलं होतं. थोरला भाऊ अंबाजी सुरतेला. आईनं डोळे मिटलेले असताना हात पुढं केला आणि म्हणाली, "अंबाजी, आला का?" अमृतनं तो हात हातात घेतला आणि म्हणाला, "आई, मी अमृत." त्यात काय चुकलं? खरं तेच तो बोलला होता. "आसं व्हय," आई म्हणाली, आणि तिनं हात हळूच सोडवून गोधडीखाली घेतला. ती रागावली नव्हती. निराश झाल्यासारखंही काही नव्हतं. दुकानात हवी ती वस्तू नाही म्हटल्यावर माणूस 'बरं' म्हणून पायरी उतरतं, तसं. त्यानंतर ती दोन दिवस होती, पण तो हात काही पुन्हा बाहेर आला नाही. रंजनाला त्यानं हे एकदाच सांगितलं होतं, आणि सांगताना हसला होता.

म्हणून पत्र्याखालच्या त्या घरात तो म्हणाला, "व्हय आये. आलो."

त्याचा आवाज त्याचा राहिला नाही. दोन वर्षं फोन धरून धरून सनीचा आवाज त्याच्या कानात बसला होता, शब्द ओढायची पद्धत, 'आये'वरचा जोर. तो आपोआप आला, आणि इतका बरोबर आला की अमृतला स्वतःलाच दचकायला झालं. म्हातारीचा हात पुढं आला. तो हात! बोटं चाचपत तिनं त्याचा हात धरला, अंगठा त्याच्या बोटांवरून फिरवला. अमृतला भरून आलं, आणि खरं सांगायचं तर ते दुःख नव्हतं.

"परत जाऊ नगं," ती म्हणाली.

"न्हाई जात."

"हितं ऱ्हा."

"हितंच ऱ्हातो, आये. न्हाई जात कुटं."

दारात कळशी टेकल्याचा आवाज झाला. करिष्मा उंबऱ्यात उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती पुढंही आली नाही आणि तिनं अडवलंही नाही. म्हातारी आणखी काहीतरी पुटपुटली. मग श्वास लांब लांब होत गेले, आणि मग करिष्मा ओरडली. अमृतच्या मनात ती दुपार रोज यायची, आणि रोज या ठिकाणी आली की तो तिला थांबवायचा. 'हितंच ऱ्हातो.' इथं. यापुढं जायचं काही कारण नव्हतं. यापुढं फक्त मरण होतं.

त्या संध्याकाळी मोरीवर येऊन त्यानं शालूबाईंना फोन केला. म्हातारी गेली एवढंच सांगायचं होतं. पण वारा होता, दरीत दिवे लागत होते आणि पलीकडे शालूबाई इतक्या मायेनं "बोला अमृतराव, बोला" म्हणाल्या की त्यानं सांगून टाकलं. तिनं हाक मारली, मी ओ दिली, ती शांत गेली. वचनाचं तो बोलला नाही. शालूबाई फोनवर रडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते 'सोबत'च्या ग्रुपवर लिहिलं. छान लिहिलं होतं, त्यांचं मराठी चांगलं. 'आज आमचे अमृतराव एका वीरमातेचे पुत्र झाले.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. तिथून ते दुसरीकडे गेलं, कुणीतरी त्याला मेणबत्तीचं चित्र लावलं, कुणी मागं संगीत घातलं. बाजारात लोक त्याला थांबवून नमस्कार करू लागले. अमृत म्हणायचा, "अहो, त्यात काय," आणि घरी येऊन पुन्हा वाचायचा. आज ना उद्या ते सनीपर्यंत जाणार हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण तो दुखवट्यात आहे, वाडीत रेंज नाही, असं काहीतरी तो स्वतःला सांगत राहिला.

घरी पोचला तर रंजना अंगणात बसून भाजी निवडत होती. त्यानं सांगितलं, सनी दिसला, बोलला नाही. तिनं मान वर केली नाही. "त्याला कळलं असेल," ती म्हणाली.

"कळलं तर काय झालं? मी काही वाईट केलं?"

"मी कुठं म्हणते वाईट केलं." काही वेळ ती नुसती देठं मोडत राहिली. "पण त्याच्या आधी सगळ्या गावाला ठाऊक झालं. आई त्याची ना?"

इतक्यात शालूबाईंचा फोन आला. उद्या रविवार, सनी संध्याकाळी निघणार, तर दुपारी वाचनालयात छोटासा कार्यक्रम ठेवलाय, शाल, श्रीफळ, पाच मिनिटं. "तुम्हीच त्याला घेऊन या. तुमचा दोघांचा एकत्र सत्कार करू. लोकांना बरं वाटेल." अमृत हो म्हणाला. नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. तोंडातून 'हो' निघून गेल्यावर मागून त्याचा अर्थ यायचा. फोन ठेवल्यावर रंजना त्याच्याकडे बघत होती.

रविवारी दुपारी तो वाडीत गेला. नौदलाच्या लांब भिंतीच्या कडेनं, मग चढ, मग मातीचा रस्ता. वाटेत तो वाक्यं जुळवत होता. घराच्या ओट्यावर सनीची सॅक भरून ठेवलेली होती, बूट पॉलिश केलेले, आणि सनी पायरीवर बसून नुसता समोर बघत होता. आतून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. सनी उठला नाही, पण सरकला. बसायला जागा झाली. अमृत बसला. समोर डोंगर जळून काळा झाला होता.

"शालूबाईंनी बोलावलंय," अमृत म्हणाला. "छोटा कार्यक्रम..."

"न्हाई येत मी."

"बरं."

"ते मला टपरीवर एकानं दावलं," सनी म्हणाला. "वळखीचाबी न्हवता. मला म्हनला, दादा, हे बगा लय भारी हाय, डोळ्यात पानी येतं. मी वाचलं. माजीच आय." तो थांबला. "मला तुमी का न्हाई सांगितलं, काका? इस्टेशनवर विचारलं हुतं मी."

अमृतनं तयार केलेलं वाक्य शोधलं. ते होतं, पण या ओट्यावर ते बोलवेना. "तुला वाईट वाटेल म्हणून," तो म्हणाला, आणि ते खोटं आहे हे दोघांनाही कळलं.

आतला थापण्याचा आवाज थांबला. करिष्मा पिठाचे हात घेऊन दारात आली. तिचे डोळे सुजले होते. आजही भांडण झालेलं दिसत होतं. "काका, तुमीच सांगा ह्येला," ती म्हणाली. "मी माज्या कानानं ऐकलंय. आयला शबुद दिला तुमी. न्हाई जात म्हनून. मरतानाचा शबुद हाय. आन हा निगाला सामान भरून. तिचा जीव कुटं ऱ्हाईल?"

"मी दिला का शबुद?" सनी म्हणाला. तो ओरडला नाही, पण मानेची शीर ताठ झाली. "कुनी दिला? ते वाचून हिला विचारलं, तवापास्नं ही मला हेच म्हनती. झोपलो तरी तेच. माजी नौकरी हाय, माज्या तुकडीतली पोरं तितं माजी वाट बगत्याती, मी न जाऊन कसं चालंल? आन गेलो तर आयच्या मरनाला पाय लावून गेलो. तुमी दोन मिनिटं माजं नाव घेतलंत काका. मला जलमभर त्ये घेऊन फिरायचं हाय."

अमृतला वाटलं, उठून जावं. मग वाटलं, माफी मागावी. माफीचे शब्द त्याच्याकडे भरपूर होते, मऊ, स्वच्छ, आणि ते बोलले की सनीला मान हलवावीच लागली असती. तो बोलला नाही. वरून घार गेली, तिची सावली जळक्या गवतावरून सरकली. त्याला मोरीवरचा दगड आठवला, खरखरणारा फोन, आणि दोघांचं ते हसू. जे त्यानं दोन वर्षं ऐकलं होतं आणि ज्याला तो भांडण समजत आला होता.

"मी आसतो तर न्हाई म्हनलो आसतो," सनी खाली बघत म्हणाला. "तिनं मरताना जरी सांगितलं आसतं ना, परत जाऊ नगं, तरी मी म्हनलो आसतो, न्हाई म्हंजी न्हाई. आन तिनं मला शिवी घातली आसती. त्येच पायजे हुतं तिला. तुमी व्हय म्हनलात." मग जरा वेळानं, वेगळ्याच आवाजात, "तुमी व्हय म्हनल्यावर ती काय म्हनली?"

अमृतनं त्याच्याकडे पाहिलं.

"करिष्मा म्हनती, काय तरी बोलली. तिला कळलं न्हाई. तुमच्या तोंडापाशी हुती ना ती. काय म्हनली?"

आता तिथून पुढं जाणं भाग होतं. तो पत्रा, ती धग, तो अंगठा. न्हाई जात कुटं, असं तो म्हणाला आणि त्याच्या बोटांवरून फिरणारा अंगठा थांबला. थांबला, आणि पुन्हा एकदा, सावकाश, त्याच्या पहिल्या बोटावरून शेवटच्या बोटापर्यंत गेला, कापड खरं की खोटं ते पाहावं तसा. मग तिनं मान त्याच्याकडे वळवली, आंधळे डोळे उघडले. हे सगळं त्याला ठाऊक होतं. तीन आठवडे ठाऊक होतं.

"'कोन हाय?' म्हणाल्या," अमृत म्हणाला.

सनीनं मान वर केली.

"मी नाही जात म्हणालो, त्यावर त्यांनी विचारलं, 'कोन हाय?'"

"मंग तुमी?"

"मी काहीच बोललो नाही."

मग सनीच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. अमृतला आधी वाटलं तो हसला. "कळलं तिला," तो म्हणाला. "करिष्मे, ऐकलंस का? तिला कळलं. काका व्हय म्हनलं, तितंच तिला कळलं, ह्यो सन्या न्हवं." आणि तो रडायला लागला, गुडघ्यांत डोकं घालून, मोठ्यानं, दिवसकार्यातसुद्धा रडला नव्हता तसा. "कसं कळनार न्हाई, आं? कसं कळनार न्हाई?" करिष्मा पिठाच्या हातांनीच त्याच्या पाठीवर वाकली. तीही रडत होती, आणि मधेच तिनं डोळे पुसत म्हटलं, "तवाबी सुट्टी बगून मर, म्हनायचास," आणि भाऊ-बहिणीचं रडणं आणि हसणं एकात एक मिसळलं. त्यात वचनाचं कुणी काही बोललं नाही. ते आता कुणी कुणाला दिलेलं राहिलं नव्हतं.

अमृत ओट्यावरून उठून व्हॅनपाशी जाऊन उभा राहिला. त्याला कुणी जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. जे सांगितल्यानं या पोराच्या छातीवरचं ओझं उतरलं ते त्यानं तीन आठवडे स्वतःजवळ ठेवलं होतं, कारण त्याशिवाय ती गोष्ट चांगली दिसत होती. आणि त्याच्याहून आत आणखी काही होतं, ज्याच्याकडे बघायला आता कसलीच आडकाठी उरली नव्हती. म्हातारीनं विचारलं होतं. दोन वर्षं ती त्याच्या खांद्याला धरून व्हॅनमध्ये चढली होती, त्यानं आणलेल्या गोळ्या तिनं त्याच्याच हातून घेतल्या होत्या, त्याच्या पावलांचा आवाज ती वाडीच्या तोंडापासून ओळखायची. 'मी अमृत' एवढंच सांगायचं होतं. ती म्हणाली असती, 'आमरूत व्हय? मंग बस बाबा.' हात सोडला नसता तिनं. ती नंदाबाई नव्हती. तिच्या घरात त्याला जागा होती, त्याच्या स्वतःच्या नावानं होती, आणि नेमक्या त्या वेळी तो दुसऱ्याच्या नावाआड लपून बसला, आणि आपला हात कुणाच्या हातात आहे हे न कळताच ती गेली.

फोन वाजू शकत नव्हता, पण शालूबाई वाचनालयात वाट बघत असतील हे त्याला दिसत होतं, शाल घडी घालून ठेवलेली, खुर्च्या मांडलेल्या. खाली गेल्यावर त्यांना काय सांगायचं? सगळं सांगायचं. त्या म्हणतील, आता ते कशाला. तरी सांगायचं.

करिष्मानं चहा आणून दिला. कप त्यानं हातात नीट धरला आहे ना हे पाहून मगच सोडला. ऊन उतरायला लागलं तेव्हा सनी तोंड धुऊन, बूट घालून आला. आईच्या फोटोसमोर तो आत बराच वेळ उभा होता. बाहेर येताना त्याचा चेहरा मोकळा आणि खूप थकलेला होता. "काका, इस्टेशनला सोडता का?" त्यानं विचारलं. "सहाची लोकल घावली तर पुन्यातून फुडची गाडी मिळंल."

कार्यक्रमाचं नाव कुणी काढलं नाही. करिष्मा रस्त्यापर्यंत आली आणि भावाच्या तोंडावरून हात फिरवून परत वळली. पहिल्या उतारावरच सनीचं डोकं काचेला टेकलं. मोरी यायच्या आत तो झोपला होता, तोंड किंचित उघडं, पिशवी पोटाशी धरलेली. तीन आठवडे तो झोपला नसावा. अमृतनं गाडी हळू केली. रस्त्यातला एकेक खड्डा त्याला पाठ होता. तो प्रत्येक खड्डा बाजूनं घेत, ब्रेकवर पाय अलगद ठेवत, पर्यटकांच्या गाड्यांना पुढं जाऊ देत चालला. मागून हॉर्न वाजले की त्याला राग यायचा, हा जागा होईल म्हणून. भिंत संपली, बाजार आला, बाजार संपला. एवढंच आता त्याच्या हातात होतं, आणि रस्ता संपत चालला होता.

स्टेशनासमोर त्यानं गाडी उभी केली. इंजिन बंद केलं तरी सनी हलला नाही. अमृत थोडा वेळ थांबला. आणखी थोडा थांबला असता तर लोकल चुकली असती. त्यानं सनीच्या खांद्याला हात लावला. सनी एकदम दचकला आणि डोळे उघडायच्या आत त्यानं अमृतचं मनगट घट्ट धरलं.

"मी अमृत," तो म्हणाला. "स्टेशन आलं."